वरंधच्या डोंगरावरील गवत आणि मोजला न जाणारा दुष्काळ

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने 2022 च्या मार्च महिन्यात ठराव संमत करून 2026 हे वर्ष गवताळ प्रदेश व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. अशी वर्षे येतात आणि जातात. फलक उतरल्यानंतर मागे फारसे काही उरत नाही, हा अनुभव नवा नाही. तथापि या निमित्ताने एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'चराऊ कुरण' हा शब्दप्रयोग आज मराठी वृत्तपत्रांत जवळजवळ केवळ भ्रष्टाचाराच्या बातमीतच आढळतो. ज्या समाजाला कुरण म्हटले की फुकटात लाटण्याची जागा एवढेच आठवते, त्या समाजाने खऱ्याखुऱ्या कुरणाची किती निगा राखली असेल याची कल्पना करता येते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील, विशेषतः वरंध घाटाच्या पायथ्याकडील परिसरातील गवताचा व गुरांच्या वैरणीचा प्रश्न विचारात घेतला आहे. हा मुलूख पावसाचा. तेथे वैरणीचा दुष्काळ कसला, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आणि नेमकी तीच शंका शासनाच्याही मनात येते, ही खरी अडचण आहे.

सन 2023 चा ऑगस्ट महिना हा 1901 पासूनच्या नोंदींतील देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. एल निनोच्या प्रभावाने पाऊस लांबला, पिके करपली आणि 31 ऑक्टोबर 2023 रोजी महाराष्ट्र शासनाने 15 जिल्ह्यांतील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. पुणे जिल्ह्यातील पुरंदर व बारामती हे तालुके त्या यादीत होते. महाडहून वरंध घाट चढून भोरला जावे आणि तेथून सासवड गाठावे, तर अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर भरते. एवढ्या अंतरात आपण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसाच्या प्रदेशातून दुष्काळी तालुक्यात येतो. यादीत कोकणातील एकही तालुका नव्हता, आणि नियमांनुसार तो असणे शक्यही नव्हते. दुष्काळ व्यवस्थापन संहिता, 2016 प्रमाणे पावसाची तूट, पेरणी, वनस्पतींचा हिरवेपणा, जमिनीतील ओलावा व जलस्रोतांची स्थिती हे निकष तपासले जातात, आणि तपासणी मुख्यतः पावसाळ्याच्या अखेरीस होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात उपग्रहातून पाहिले तर वरंधचे डोंगर पाचूसारखे हिरवेगार दिसणारच. त्याच डोंगरांकडे एप्रिलमध्ये पाहण्याची तरतूद त्या निकषांत नाही.

एप्रिलमध्ये काय दिसते? पाऊस चार महिन्यांत कोसळून संपतो. काळ्या कातळावरील मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांतून पाहता पाहता खाडीला मिळते. नोव्हेंबरपासून मेअखेर सात महिने आकाशातून थेंब पडत नाही. उन्हाळा चढू लागला की डोंगरावरील वाड्यांची विहिरी-झऱ्यांची आशा संपते, आणि महाड व पोलादपूर तालुक्यांत टँकर धावू लागतात. ही बातमी दरवर्षी ठरलेल्या वेळी येते. माणसांसाठी निदान टँकर येतो. गुरांसाठी काही येत नाही. डोंगर एकतर जळून काळा झालेला असतो किंवा त्यावर कोरड्या काड्या उभ्या असतात. घरची भाताची पेंढ मार्चअखेर संपत आलेली असते. मग गुरे मोकळी सोडली जातात, वाटेतला पाचोळा चघळतात, आणि ऐन चिखलणीच्या वेळी, म्हणजे ज्या दिवसांत बैलाने खांद्यावर जू घ्यायचे त्याच दिवसांत, बैलाची हाडे मोजता येतात. यास दुष्काळ म्हणू नये, तर मग दुसरे काय म्हणावे?

जुन्या करारात एक मोठा मार्मिक प्रसंग आहे. एलिया संदेष्ट्याच्या काळात इस्राएलमध्ये पाऊस थांबला. त्या दुष्काळात अहाब राजा आपला कारभारी ओबद्या याला बोलावतो आणि दोघे देश वाटून घेऊन झरे व ओढे धुंडाळत निघतात. हेतू हा की कोठे गवत सापडले तर घोडे व खेचरे तरी वाचतील (1 राजे 18:5-6). साक्षात राजा गवत शोधत रानोमाळ फिरतो, ही त्या प्रसंगातील गंमत नव्हे, तर शोकांतिका आहे. गवत हाती होते तेव्हा त्याने ते साठविले नव्हते. याउलट उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरतो. वैरणीच्या बाबतीत आपली शासनव्यवस्था योसेफापेक्षा अहाबाच्या अधिक जवळ आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याचा पुरावा चारा छावण्यांत मिळतो. ऑक्टोबर 2018 मध्ये शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि पुढील उन्हाळ्यात बीड, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, सातारा, सांगली आदी जिल्ह्यांत छावण्या उभ्या राहिल्या. मे 2019 मध्ये मोठ्या जनावरामागे दररोज 100 रुपये अनुदान देण्यात येत होते. छावण्यांनी लक्षावधी गुरे वाचविली, हे निर्विवाद. परंतु चार महिन्यांचा हिशेब केला तर एका जनावरामागे 12 हजार रुपये होतात, आणि त्यातून ना एक काडी गवत अधिक उगवते, ना पुढील वर्षाची तरतूद होते. सन 2023 च्या टंचाईत काही जिल्हाधिकाऱ्यांनी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यास बंदी घातली. तीही त्या क्षणापुरती आवश्यक असेल. पण ज्या जिल्ह्यात चारा साठलेलाच नाही, तेथे बंदी कसली राखणार? झांशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार देशात हिरव्या चाऱ्याची सुमारे 11 टक्के, तर सुक्या चाऱ्याची सुमारे 23 टक्के तूट आहे. सुक्या चाऱ्याची तूट दुपटीने मोठी आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपण गवत पिकविण्यात जितके कमी पडतो, त्याहून ते वाळवून राखण्यात अधिक कमी पडतो.

वरंधच्या बाबतीत तर हे हिशेबानेच दाखविता येईल. डोंगरी गाय किंवा बैल वजनाने साधारण अडीचशे किलोचा. त्यास दिवसाला सहा किलोच्या आसपास सुकी वैरण लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे 120 दिवस धरले, तर एका जनावरास सात क्विंटलहून थोडी अधिक वैरण पुरते. दोन बैल, एक गाय व तिचे वासरू एवढा संसार असलेल्या घरास पंचवीस क्विंटलच्या आत भागते. निगा राखलेल्या डोंगरउताराचे एक हेक्टर साधारणपणे दोन टनांच्या आसपास वाळलेले गवत देते. कोकणातील शेतकऱ्याकडे भातखाचराव्यतिरिक्त थोडीफार वरकस जमीन असतेच. पूर्वी तीवर नाचणी-वरी होई, आज ती बहुतेक पडीक आहे, म्हणजेच गवताखाली आहे. त्या गवतास भाताच्या पेंढ्याची जोड मिळाली तर कागदावर तरी तूट उरत नाही. म्हणजे उणीव गवताची नाही. मग हे गवत जाते कोठे?

पहिले उत्तर असे की ते कापले जाते, पण उशिरा. सह्याद्रीच्या या उतारांवर पवना, डोंगरी, मारवेल अशी चांगली गवते आहेत आणि त्यांच्या जोडीला, किंबहुना त्यांना मागे सारून पसरलेली कुसळी आहे. गवताचे सारे सत्त्व फुलोऱ्यात असते. निम्मे गवत फुलोऱ्यावर आलेले असताना कापून दोन-तीन दिवस उन्हात परतून वाळविले, तर त्यात पाच ते सात टक्क्यांपर्यंत प्रथिने राहतात. तेच गवत बी झडून पिवळे पडल्यावर कापले तर दोन-तीन टक्केही हाती लागत नाहीत. पोट भरते, अंग भरत नाही. कुसळीचे तर आणखी वाईट. तिची अणकुचीदार कुसळे पक्व झाली की जनावराच्या जिभेत व हिरड्यांत रुततात. ही कुसळी फुलोऱ्यापूर्वी कापली तर चारा आहे, नंतर कापली तर काटा आहे.

हे शेतकऱ्यास ठाऊक नाही असे समजणे हा शहरी उद्धटपणा ठरेल. त्याला ते आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याची अडचण वेगळी आहे. गवताचा फुलोरा आणि भाताची कापणी या दोन्ही गोष्टी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर याच काळात येतात. त्यात परतीचा पाऊस. आज कापलेले गवत उद्या भिजले तर ते काळे पडते, बुरसते, आणि तसेच गंजीत रचले तर आतून तापते. शिवाय भात हे माणसाचे अन्न. ते सोडून गवताकडे कोण जाईल? तेव्हा गवताची पाळी नोव्हेंबर-डिसेंबरात येते. पूर्वी एका घरात सहा-सात हात असत. आता तरुण मंडळी मुंबईत, नाहीतर महाडच्या औद्योगिक वसाहतीत. चाकरमानी गावी येतो तो गणपतीला आणि शिमग्याला. गणपतीत गवत कोवळे असते व शिमग्यास ते संपलेले असते. गवताचे दिवस या दोन सणांच्या बरोबर मध्ये पडतात. डोंगरावर विळा घेऊन जाण्यासाठी गावात उरतात त्या साठी ओलांडलेल्या स्त्रिया.

दुसरे उत्तर वणवा हे आहे. जानेवारीनंतर या दोन तालुक्यांतील डोंगर रात्री पेटलेले दिसतात. वणवा निसर्गतः लागतो असे आपल्याकडे क्वचितच घडते. तो लावला जातो, किंवा निष्काळजीपणे लागतो. कोणी शिकारीसाठी लावतो, कोणी वाट मोकळी करण्यासाठी, कोणी विडीचे थोटूक टाकतो. आणि अनेकांची अशी प्रामाणिक समजूत आहे की डोंगर जाळला म्हणजे पुढे गवत चांगले येते. राखेतून चार हिरवे कोंब लवकर फुटतात हे खरे आहे. तेवढ्याने ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. परंतु वारंवार आग सोसून टिकणारे गवत कोणते, तर कुसळी. तिचे बी आपल्या पिळदार शेपटीने मातीत स्वतःला खुपसून घेते आणि आगीतून वाचते. मारवेल व पवना यांसारखी सरस गवते दरवर्षीच्या आगीने हळूहळू मागे हटतात. अर्थात जो डोंगर चांगल्या गवतासाठी जाळला जातो, त्याच डोंगरावर जाळण्यामुळे वाईट गवत माजते. त्याखेरीज उघड्या पडलेल्या उतारावर जूनचा पहिला मुसळधार पाऊस पडतो आणि माती घेऊन जातो. संदेष्टा योएल याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात चारा नसल्याने हंबरणारी गुरे आणि अग्नीने गिळलेली रानातील कुरणे यांचा उल्लेख लागोपाठच्या ओव्यांत येतो (योएल 1:18-19). दुष्काळ आणि वणवा ही जोडी त्यास माहीत होती.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या, महाड शहर पुराखाली गेले. त्यापूर्वी 2005 च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांनी हेच भोगले होते. गवत नव्हते म्हणून दरड कोसळली, असे सोपे समीकरण मांडणे अज्ञानाचे व मृतांवर अन्याय करणारे होईल. अल्पावधीत कोसळलेला प्रचंड पाऊस, खडकाची झीज, उताराची रचना अशी कारणे त्यामागे असतात. परंतु यातून उलट दिशेचा एक धडा मात्र घेतला पाहिजे. देशावरील कमी पावसाच्या गावांत यशस्वी झालेले डोंगरउतारावरील सलग समतल चर येथे डोळे मिटून खोदता कामा नयेत. चर पाणी जिरवितो. आणि जाड मातीच्या तीव्र उतारावर जिरलेले पाणीच घात करू शकते. भूवैज्ञानिकांच्या सल्ल्यावाचून येथे कुदळ मारू नये. गवत राखण्यास मात्र अशी कोणतीही भीती नाही.

गवत राखण्याचे शास्त्र फार मोठे नाही. डोंगराचे चार भाग करावेत, प्रतिवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवून त्यावरील गवतास बी धरू द्यावे, आणि दुसऱ्या वर्षी बंदीची पाळी पुढील भागावर न्यावी. चराई त्यामुळे थांबत नाही, ती फिरत राहते. गवत कापायचे त्या भागात गुरे सोडू नयेत. डिसेंबरात, गवत पुरते वाळण्यापूर्वी, हद्दीवरून चार-पाच मीटर रुंदीची जाळरेषा काढावी. अवघड आहे ते शास्त्र नव्हे, तर एकमत. चराईबंदीचा इतिहास हेच सांगतो.

आणि या इतिहासात ख्रिस्तसभेचा वाटा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात आपले आयुष्य वेचले. पाणलोट क्षेत्र विकासाचा भारत-जर्मन कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला, आणि 1993 साली पाणलोट विकासासाठी 'वॉटर' या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमात गावाने प्रथम चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करायची, श्रमदान करायचे, आणि नंतरच निधी यायचा, असा दंडक होता. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्याचे बहुचर्चित उदाहरण. तेथे मेंढपाळ कुटुंबांनी आरंभी चराईबंदीस विरोध केला, आणि तो रास्त होता. ज्याचे सारे पोट मेंढरांवर त्यास एका दिवसात डोंगर बंद करून कसे चालेल? अखेर डोंगर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा मार्ग निघाला. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये मोकळी चराई बंद करून गवत केवळ कापून नेण्याची मुभा ठेवण्यात आली. तेथील गवताचे उत्पादन 2000 मधील सुमारे 100 टनांवरून 2004 पर्यंत सुमारे 6,000 टनांवर गेल्याचे आकडे अनेक अभ्यासांत दिले गेले आहेत. दोन्ही गावे जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर पावसाची. वरंधला त्याच्या सहापट पाऊस पडतो.

मात्र चराईबंदीची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ख्रिस्ती विवेकाने विचारलाच पाहिजे. ज्याच्याकडे वरकस जमीन आहे, त्याची गुरे गोठ्यात उभी राहू शकतात. दोन शेळ्यांवर घर चालविणाऱ्या कातकरी स्त्रीकडे डोंगराखेरीज काय आहे? घाटमाथ्यावरील व उतारावरील धनगरवाड्यांचे काय? ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी गवळी धनगरांचा जो अभ्यास केला, त्यात एक सुंदर व्यवस्था नोंदली आहे. खोऱ्यात कुणबी भातशेती करीत, उंचावरील डोंगर गवळ्यांच्या म्हशींचा असे. दोघांच्या वाटा एकमेकांना छेदत नसत. ती व्यवस्था कोणी कागदावर लिहिली नव्हती, तरी पाळली जात होती. पुढे जंगले राखीव झाली, लोकसंख्या वाढली, डोंगर उघडे पडले आणि गवळी दोन्हीकडून परका ठरला. अब्राम व लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा झाला तेव्हा अब्रामाने निवडीचा पहिला हक्क धाकट्याला दिला (उत्पत्ती 13). तेव्हा डोंगर बंद करायचाच असेल, तर बंद भागातील गवत कापण्याचा पहिला मान भूमिहीनाचा, हा नियम आधी व्हावा आणि बंदी नंतर.

कायदा या बाबतीत अगदीच रिकाम्या हाताचा नाही. वनहक्क कायदा, 2006 यात सामूहिक चराईचा हक्क व पारंपरिक भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. आपल्या वसई परिसरातील वाचकांनी स्वतःच्या गावातील गुरचरणाचे आज काय झाले आहे ते आठवून पाहावे, म्हणजे या निवाड्याचे महत्त्व निराळे सांगावे लागणार नाही. पोप फ्रान्सिस यांनी 24 मे 2015 रोजी दिलेल्या 'लाउदातो सी' या पत्रात पृथ्वीची संपत्ती सर्वांसाठी आहे आणि खाजगी मालकी त्या तत्त्वाच्या अधीन आहे, या ख्रिस्तसभेच्या जुन्या शिकवणुकीचा पुनरुच्चार केला. गुरचरण हे त्या शिकवणुकीचे आपल्या अंगणातील रूप होते.

गुरांच्या तोंडचे गवत आणखी एका दिशेला जाते, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. कोकणात भाताची रोपे करण्यापूर्वी वाफ्यावर शेण, गवत, पाला व टहाळ पसरून राब भाजला जातो. तणांचे बी मरते, रोप जोमाने येते, म्हणून ही पद्धत टिकली. तिला नुसते अडाणीपण म्हणून चालणार नाही. परंतु वैरणीची टंचाई असलेल्या गावात उन्हाळ्याच्या तोंडावर गवत जाळणे परवडते का, याचा विचार व्हायला हवा. गादीवाफ्यावर, शेणखत घालून, राब न भाजताही रोपे होतात, असे कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. राबाचे गवत वाचले तर ते दोन-तीन आठवड्यांची वैरण ठरू शकते.

ज्यांच्याकडे गवत नाही पण पेंढा आहे त्यांच्यासाठी युरियाप्रक्रियेचा उपाय बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे आणि तरीही फारसा वापरात नाही. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, तुडवून दाबावे, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली हवाबंद करून 21 दिवस ठेवावे. उघडल्यावर तीव्र वास उडून जाऊ द्यावा व मग थोड्या प्रमाणापासून सवय करावी. पेंढा मऊ होतो, त्यातील प्रथिनांचे प्रमाण वाढते. मात्र युरिया हे औषध नव्हे. त्याचे पाणी जनावराच्या तोंडी लागले तर विष आहे, प्रमाण वाढविले तर घात आहे, आणि सहा महिन्यांखालील वासरांना असा पेंढा देऊ नये. परतीच्या पावसात गवत वाळत नसेल तर ते कुट्टी करून, थोडे गुळाचे पाणी शिंपडून, हवाबंद पिशव्यांत मुरघास म्हणून दाबता येते. दीड महिन्यात तो तयार होतो आणि उन्हाची वाट पाहावी लागत नाही. कोकणासारख्या दमट मुलखात वाळविण्याच्या हट्टापेक्षा हा मार्ग अधिक सयुक्तिक आहे, असे माझे मत आहे. गंजीचेही तसेच. 26 मे 2025 रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, नोंदींतील सर्वांत लवकर. मेच्या अखेरीस उघड्यावर राहिलेल्या उडव्या अशा वर्षी कोणाच्याच कामाच्या राहत नाहीत. जमिनीपासून हातभर उंच माच आणि वर ताडपत्री, एवढ्या खर्चाला पर्याय नाही.

प्रश्न मजुरीचाही आहे, आणि तो जुना आहे. पालघर-डहाणूच्या पट्ट्यातून गवताच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे जात, तेव्हा ते गवत कापणाऱ्या वारल्यांना मिळणारा मोबदला एवढा तुटपुंजा होता की 1945 मध्ये त्यांनी पाचशे पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये या मागणीसाठी संप केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांनी प्राण गमावले. त्या चळवळीच्या विचारसरणीशी आपले मतभेद असू शकतील. मागणीच्या न्याय्यतेविषयी ते असण्याचे कारण नाही. वरंधचे गवत ऑक्टोबरात कापावयाचे तर कापणाऱ्यास ऑक्टोबरातील, म्हणजे भातकापणीच्या बरोबरीची, मजुरी द्यावी लागेल. छावणीतील एका जनावरामागे चार महिन्यांत 12 हजार रुपये मोजणाऱ्या शासनास ग्रामीण रोजगाराच्या कामांत गवतकापणी, जाळरेषा व वैरणीचा साठा यांचा समावेश जड जाऊ नये. पाठीवर घेऊन चालविण्याची गवत कापण्याची यंत्रे आता खेड्यांत पोहोचली आहेत. एका वाडीस अशी दोन यंत्रे सामाईक मिळाली तर वृद्ध स्त्रियांचे कष्ट पुष्कळ हलके होतील.

महाड-पोलादपूर हा भाग मुंबई महाधर्मप्रांताच्या क्षेत्रात येतो. तेथे आपल्या लोकांची संख्या अत्यल्प आहे. तरीही मुंबई, वसई व ठाणे येथील धर्मग्रामांतून या खोऱ्यांत मदत गेलेली आहे ती प्रायः पुरानंतर वा दरडीनंतर, म्हणजे संकट आल्यावर. 1 सप्टेंबरपासून 4 ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, ख्रिस्तसभा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा काळ पाळते. त्या दिवसांत आपण आवारात रोपे लावतो, मुलांच्या चित्रकला स्पर्धा घेतो. योगायोग असा की सह्याद्रीवरील गवत फुलोऱ्यावर येते तेही याच दिवसांत. ज्या धर्मग्रामांचे युवक-युवती वर्षातून एकदा श्रमदान शिबिरासाठी बाहेर पडतात, त्यांनी डिसेंबराची सहल ऑक्टोबरात आणावी आणि विळा चालविण्यास शिकावे. दोन दिवसांत ते फारसे गवत कापू शकणार नाहीत, हे खरे. पण एका वाडीस यंत्र, ताडपत्री व मुरघासाच्या पिशव्या यांची मदत द्यावयाची असेल, तर ती मे महिन्यात नव्हे तर सप्टेंबरात पोहोचली पाहिजे, हे त्यांना तेथे गेल्यावर कळेल.

ग्रामपंचायतीच्या पातळीवरही गोष्ट तारखेचीच आहे. 1 मेच्या ग्रामसभेत टँकरची चर्चा होते, आणि तोपर्यंत गवत संपलेले असते. वैरणीचा विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे यावयास हवा. कोणता डोंगर यंदा बंद, कोणता खुला, कापणीस कोणाची किती घरे, धनगरवाडीचा वाटा किती, जाळरेषा कोणत्या आठवड्यात आणि वनखात्यास पत्र कोण देणार, एवढे पाच ठराव त्या दिवशी झाले तर 2 ऑक्टोबरच्या सभेत त्यांचा हिशेब विचारता येतो, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत डोंगरावर गवत कापणीस तयार असते.